परक्या गावी मन लागण्यासाठी

वाचकांचे प्रश्न

परदेशी स्थायिक होण्यासंबंधीची पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी साचली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयासाठी राखून ठेवले आहे. व्हिसा, विमा आणि शाळाप्रवेश यांविषयीचे प्रश्न बाजूला काढले आहेत, कारण त्यांची उत्तरे त्या त्या कार्यालयातच नीट मिळतात. येथे घेतलेली पत्रे मनाच्या तयारीविषयी आहेत. ती संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. कोथरूडमध्ये माझा स्वतःचा दवाखाना असून गेली नऊ वर्षे तो उत्तम चालला आहे. पतींना जर्मनीत स्टुटगार्ट येथे नोकरी मिळाली असून येत्या ऑक्टोबरमध्ये आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही तिकडे जाणार आहोत. माझी जर्मन भाषेची ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा झाली आहे. भेटेल तो ‘मनाची तयारी कर’ असे सांगतो, परंतु ही तयारी म्हणजे नेमके काय करायचे हे कोणीच सांगत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रात पती, मुलगी आणि भाषा या तिन्हींचा उल्लेख आहे, पण तुम्ही सुरुवात दवाखान्यापासून केली आहे, आणि माझ्या मते तुम्हाला सर्वांत जड जाणारी गोष्ट तीच असेल. थंडी, शाकाहार, किराणा, मुलीची शाळा यांची काळजी सगळेच करतात आणि त्यांचे मार्गही बहुतेकांना सापडतात. चांगला कोट विकत मिळतो आणि तूरडाळही मिळते. मिळत नाही ती आपली ओळख. कोथरूडमध्ये औषधांच्या दुकानापासून मुलीच्या शाळेपर्यंत तुम्ही ‘डॉक्टर मॅडम’ आहात. स्टुटगार्टला पोहोचल्यावर मात्र, नव्या पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांच्या आत करण्याचा तिथला नियम पाळण्यासाठी तुम्ही ज्या कार्यालयात जाल, तिथे तुम्ही वाक्य अर्धवट सोडणाऱ्या एक परदेशी बाई असाल. समोरचा अधिकारी उद्धट असेलच असे नाही, पण तुमच्या नऊ वर्षांच्या कामाची त्याला काही कल्पना नसेल आणि ती करून देण्याइतके शब्दही तुमच्याजवळ नसतील.

व्यवसाय पुन्हा सुरू करण्याच्या वाटेवरही हेच आहे. जर्मनीत दंतवैद्यकाचा कायमस्वरूपी परवाना मिळवण्यासाठी पदवीची छाननी होते. ती तिथल्या पदवीशी समकक्ष ठरली नाही तर ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते, आणि त्याशिवाय रुग्णाशी व सहकाऱ्याशी जर्मनमध्ये व्यावसायिक संभाषण करता येते की नाही याची स्वतंत्र भाषापरीक्षा असते. मधल्या काळात देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, तोही भाषेची एक पातळी गाठल्यानंतर. ए-टूपासून तिथपर्यंतचे अंतर काही महिन्यांत कापले जात नाही. तेव्हा मनाची तयारी करायची ती याची, की काही काळ आपण कोणी विशेष नसू, अडखळत बोलू, आपल्यापेक्षा वयाने आणि शिक्षणाने लहान माणसांना साध्या गोष्टी विचारू, आणि यात आपला अपमान झाला असे मानणार नाही. हुशार आणि स्वतःच्या गावात मानाने जगलेल्या माणसांना हे सर्वांत अवघड जाते. पुण्याच्या बाबतीत तर आणखी अवघड, कारण आपल्या ज्ञानाविषयी आणि शहराविषयी आपल्याला जरा जास्तच खात्री असते.

एक उदाहरण देते. स्टुटगार्ट ज्या श्वाबियन प्रदेशात आहे, तिथे ‘केरवोखे’ नावाची जुनी पद्धत आहे. इमारतीचा जिना, मधली जागा आणि कधी कधी दारापुढची पायवाट झाडून पुसून काढण्याची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याआठवड्याने फिरते, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर तशी पाटी अडकवली जाते. अलीकडे पुष्कळ इमारतींत हे काम पैसे देऊन करून घेतात, पण पद्धत अजून मोडलेली नाही. केरफरशीला बाई असलेल्या घरातून गेलेल्या माणसाच्या दारावर ही पाटी प्रथम लागते, तेव्हा मनात काय येते ते पाहण्यासारखे असते. जिना पुसणे कष्टाचे नाही, पण शेजारच्या वृद्ध बाईंनी पायऱ्यांच्या कडा राहिल्या आहेत असे दाखवून दिले की राग येतो. त्या बाई शेजारच्या वकिलालाही अगदी तसेच दाखवून देतात, हे समजायला वेळ लागतो. परक्या देशात होणाऱ्या बोचणीचा बराच भाग असा असतो. नियम सर्वांना सारखाच असतो, पण तो आपल्यालाच मुद्दाम लावला असे वाटते. भेदभाव होतच नाही असे मी म्हणत नाही. तो होतो, आणि झाला तर गप्प बसू नये. मात्र कोणता नियम आहे आणि कोणता भेदभाव, हे ओळखण्यासाठी आधी नियम माहीत असावे लागतात. रविवारी दुकाने बंद असतात, भिंतीला भोके पाडायची नसतात, काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी कुंडीत टाकायच्या नसतात. हे सगळे पहिल्या महिन्यातच शिकून घ्या.

परदेशी गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीचा अभ्यास जुना आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लुसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांविषयी असे मांडले, की पहिल्या सहा महिन्यांत माणसे बरी रुळलेली वाटतात, सहा ते अठरा महिन्यांच्या काळात खचतात आणि त्यानंतर सावरतात. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये या अवस्थांचे असेच वर्णन केले. पुढच्या संशोधकांनी हा आलेख सर्वांना लागू पडत नाही, काहींना पहिले आठवडेच सर्वांत जड जातात, हेही दाखवले. त्यामुळे त्याचे वेळापत्रक करू नका. एवढेच ध्यानात ठेवा की पाचव्या-सहाव्या महिन्यात, सगळे घर लागल्यावर, अचानक रडू आले तर निर्णय चुकला असा अर्थ काढण्याची घाई नको. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जात आहात, म्हणजे महिनाअखेरीस तिथली घड्याळे एक तास मागे जातील आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळेल. पहिल्या वर्षी उदासीचा काही भाग निव्वळ अंधाराचा असतो. दुपारी जेवणानंतर बाहेर चालायला जाण्याचा नेम ठेवा.

भाषेविषयी एक सूचना. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेली जर्मन आणि स्टुटगार्टच्या बेकरीत कानावर पडणारी जर्मन यांत पुष्कळ अंतर आहे, कारण तिथली बोली वेगळी आहे. पहिल्या दिवशी काहीच समजले नाही तर अभ्यास वाया गेला असे समजू नका. तिथे स्थलांतरितांसाठी भाषेच्या सहाशे तासिका आणि देशाची ओळख करून देणाऱ्या शंभर तासिका, असा एक नेमलेला अभ्यासक्रम असतो. शेवटच्या शंभर तासिका कंटाळवाण्या असतात असे लोक म्हणतात, पण वर्गातल्या युक्रेनच्या, सीरियाच्या, ब्राझीलच्या माणसांत बसून आपण एकटेच अडखळत नाही हे दिसते, आणि माझ्या मते त्याचे मोल अभ्यासक्रमापेक्षा अधिक आहे.

आपल्याकडे अशा वेळी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव धैर्याचे उदाहरण म्हणून घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट मला तुमच्यासाठी अधिक उपयोगी वाटते. १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता, आणि तिथे पोहोचल्यावर त्या प्रथम त्यांच्याच घरी राहिल्या. (जोशी दाम्पत्याविषयीचा मजकूर कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला तो दंतवैद्याच्या दवाखान्यात थांबलेल्या असताना, असे सांगतात. तुमच्या व्यवसायाचा हा दूरचा मान.) धर्म, आहार, पोशाख यांत त्या दोघींचे काहीच जुळणारे नव्हते, आणि तरीही त्या एका घरामुळे आनंदीबाईंना त्या देशात आपले म्हणावे असे माणूस होते. तिथले एक तरी माणूस, मग ती जिन्याविषयी बोलणारी शेजारीण का असेना, आपले होणे आवश्यक आहे. मराठी मंडळात भेटणाऱ्या माणसांनी ती जागा भरून निघत नाही.

मुलगी तुमच्याआधी भाषा उचलेल आणि चारचौघांत तुमचे व्याकरण दुरुस्त करील. ते हसून घ्या. मात्र डॉक्टरांकडे किंवा सरकारी कार्यालयात तिला दुभाषी म्हणून नेऊ नका. आईवडील असहाय आहेत हे आठव्या वर्षी कळण्याचे ओझे मुलांवर दीर्घकाळ राहते. आणि निघण्यापूर्वी एक करून पाहा. यापुढे पुण्यातील ज्या कोणत्या नव्या वर्गात किंवा गटात जाल, तिथे आपण डॉक्टर आहोत हे सांगू नका. दोन महिने असे राहून पाहिले की आपल्याला ही ओळख किती लागते, याचा अंदाज येईल.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन कॅनडात ओंटारिओ प्रांतात पदविका केली. सध्या एका गोदामात माल लावण्याचे काम करतो. घरी मात्र कार्यालयात नोकरी आहे असे सांगितले आहे. खर्च करताना प्रत्येक वेळी मनात रुपयांचा हिशेब होतो. पाच भारतीय मुलांसह राहतो. इथे राहावेसे वाटते आणि वाटतही नाही.

उत्तर : गोदामातील काम तुम्हाला जितके जड जात नसेल तितके घरी सांगितलेले खोटे जड जात आहे, असे पत्रावरून दिसते. दर रविवारी फोनवर काल्पनिक कार्यालयाचे वर्णन करणाऱ्या माणसाला, खरोखरचे कार्यालय शोधण्यासाठी लागणारे बळ उरत नाही. वडिलांना सांगा. शैक्षणिक कर्जाला ते जामीन असतील, तर त्यांचा तो हक्कही आहे. त्यांना एक-दोन दिवस वाईट वाटेल, कदाचित शेजाऱ्यांना काय सांगायचे याची काळजीही वाटेल, पण शेजाऱ्यांची सोय पाहणे हे तुमचे काम नाही.

गोदामाचे काम कमी प्रतीचे आहे, ही समजूत तुम्ही पुण्याहून सोबत नेली आहे. तिथे शिक्षण घेणारी स्थानिक मुलेही असे काम करतात आणि त्याविषयी सहज बोलतात. मात्र नम्रतेलाही मुदत असावी. नव्या देशात खालून सुरुवात करणे वेगळे आणि खालीच राहण्याची सवय होणे वेगळे. स्थानिक अनुभवाची अट तुम्हाला वारंवार आडवी आली असेल. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच, केवळ ‘कॅनेडियन अनुभव’ हवा असा सरसकट आग्रह धरणे हा प्रथमदर्शनी भेदभाव ठरतो, असे धोरण जाहीर केले होते. व्यवहारात ती अट लगेच नाहीशी झाली नाही, परंतु नकार आला की दोष नेहमी आपल्यातच शोधू नये इतपत आधार यात आहे. पदवीनंतरच्या कामाच्या परवान्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि ती पुन्हा मिळत नाही. त्यातील किती काळ उरला आहे ते पाहून स्वतःला एक तारीख घालून द्या. त्या तारखेपर्यंत आठवड्याचे ठरावीक तास आपल्या क्षेत्रातील नोकरीसाठी द्यायचे, आणि जमले नाही तर परत येण्याचा विचार उघड्या डोळ्यांनी करायचा. परत येणे म्हणजे हरणे, असे समजणाऱ्या नातेवाइकांनी तुमचा हप्ता भरलेला नसतो.

रुपयांचा गुणाकार पहिले काही महिने अपरिहार्य असतो आणि कर्ज आहे तोवर पूर्ण थांबणारही नाही. फक्त तो कर्जाच्या हप्त्यापुरता ठेवा. कॉफीच्या पेल्याला साठाने गुणणारा माणूस सहकाऱ्यांबरोबर कॉफीला जात नाही, आणि नोकऱ्यांची खबर बहुधा त्याच टेबलावर मिळते.

पाच भारतीय मुलांच्या खोलीविषयी मला काही तक्रार नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी, जे स्वतः कॅनडाचेच आहेत, स्थलांतरितांपुढे दोन प्रश्न असतात असे मांडले आहे : आपले किती जपायचे, आणि तिथल्या समाजात किती मिसळायचे. आपले टाकून मिसळणारे आणि न मिसळता आपलेच धरून बसणारे यांच्यापेक्षा दोन्ही करणारे सामान्यतः बरे राहतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खोलीत तुमचे पहिले काम भागते आहे. दुसऱ्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ काढा. ग्रंथालय, क्रिकेटचा संघ, एखादे स्वयंसेवेचे काम, काहीही चालेल.

प्रश्न : मुलगा आणि सून मेलबर्नला आहेत. मी सदाशिव पेठेत एकटी राहते. रोज फोन करते, पण सून जेवढ्यास तेवढे बोलते. तिकडे जाऊन माणसे अशी बदलतात का?

उत्तर : आजी, तुम्ही फोन किती वाजता करता ते पत्रात लिहिले आहे : दुपारी जेवण आटोपल्यावर, दीड-दोनच्या सुमारास. त्या वेळी मेलबर्नला संध्याकाळचे सहा-सात वाजलेले असतात. सून नोकरीवरून येऊन स्वयंपाकाला लागलेली असते, आणि तिथे पोळ्यांना बाई नसते. शनिवारी सकाळी बोलून पाहा. शिवाय प्रत्येक फोनवर ‘कधी येणार’ असे विचारू नका, त्याऐवजी आज काय केले ते विचारा. तुमच्या एकटेपणाचा प्रश्न खरा आहे आणि तो फोनने सुटणारा नाही. परदेशस्थ मुलांच्या पालकांचे गट पुण्यात आहेत, त्यांची चौकशी जरूर करा.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी अकरा वर्षे अमेरिकेत, डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. ‘दोन वर्षांत परत जाऊ’ असे म्हणत इतकी वर्षे गेली. बाणेरची सदनिका जशीच्या तशी बंद ठेवली आहे, इथे अजून भाड्याच्या घरात राहतो आणि चांगला सोफासुद्धा घेतलेला नाही. परत जायचे की राहायचे हे ठरवण्यासाठी काय निकष लावावेत?

उत्तर : तुम्ही निकष विचारले आहेत, पण अडचण निर्णय न होण्याची आहे असे मला वाटत नाही. निर्णय होईपर्यंत जगणे पुढे ढकलायचे असे तुम्ही ठरवले आहे, आणि अडचण तिथे आहे. डॅलसच्या घरात सोफा नाही, कारण परत जायचे आहे. बाणेरच्या घरातला सोफा चादरीखाली झाकलेला आहे, कारण परत गेलेलो नाही. दोन घरे असून अकरा वर्षे बसायला जागा नाही, असा हा प्रकार आहे.

रांगेचा जाच खरा आहे आणि तो तुमच्या हातात नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, या नियमामुळे भारतीयांची रांग फार लांबली आहे. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली तर साठ दिवसांच्या आत मार्ग काढावा लागतो, ही टांगती तलवार घेऊन माणसे घर, मुले आणि आजारपणे सांभाळतात. अशा स्थितीत ‘कायमचे’ असे काही ठरवता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पूर्ण मुक्काम करण्यासाठी कायमचे राहण्याची हमी लागत नाही. नोकरीनिमित्त नागपूरला किंवा सोलापूरला बदली होऊन गेलेली आपल्याकडची कुटुंबे, तीन वर्षांनी उठायचे आहे हे ठाऊक असूनही शेजार जोडत आली, बाग लावत आली, मुलांना तिथल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचवत आली. परदेशासाठी याहून वेगळी काही मनोवृत्ती लागते, असे मला वाटत नाही. सोफा घ्या. गावच्या नगरपालिकेची सभा पाहायला जा. मतदानाचा हक्क नसला तरी शाळेच्या पालकसंघात बोलण्याचा हक्क आहे, तो वापरा. मुलाला मंडळाच्या मराठी शाळेत पाठवा आणि बेसबॉलही खेळू द्या.

‘परत जाऊ’ हे वाक्य मुलासमोर बोलणे मात्र थांबवा. पत्रात तो बारा वर्षांचा असल्याचे म्हटले आहे. ज्याच्या घरात अकरा वर्षे निघण्याची भाषा चालू आहे, तो मित्र तरी कोणत्या भरवशावर करील? शिवाय त्याच्यासाठी एक मुदत कायद्यानेच ठरलेली आहे. एकविसाव्या वर्षानंतर सामान्यतः तो तुमच्या अर्जावर अवलंबित म्हणून राहू शकणार नाही. त्या प्रश्नासाठी वकिलाची भेट आत्ताच घ्या, तो सोळा वर्षांचा होईपर्यंत थांबू नका. परतण्याचा विचार वर्षातून एकदा, दोघांनी शांतपणे बसून, कागदावर मांडून करावा, आणि उरलेले वर्ष त्याला हात लावू नये. त्या बैठकीत आईवडिलांची प्रकृती, मुलाची इयत्ता आणि दोघांच्या नोकऱ्या एवढ्याच बाबी असाव्यात. ‘तिथे आपली माणसे आहेत’ हे कारण लिहाल, तेव्हा गेल्या वर्षी त्यांपैकी कोणाकोणाशी बोलणे झाले तेही शेजारी लिहा.

बाणेरची सदनिका भाड्याने द्यावी. ती बंद राहिली म्हणून तुमचे पुणे तिथे थांबलेले नाही, आणि नळ व वायरिंग वापराविना खराब होतच आहेत. ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार नोंदणीकृतच करावा, भाडेकरूला तुम्ही अनिवासी असल्याचे आधी सांगावे, कारण भाड्यातून करकपात करून ती भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि तुमचे जुने निवासी बचत खाते अजून तसेच असेल तर ते आधी एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे.